कुऱ्हाडीचा दांडा : इन्फ्ल्युएंझाचा विषाणु आणि आपल्या शरीरांतील विकरें

"कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ" ही म्हण आपणां सर्वांस ठाऊक आहे. कुऱ्हाडीचें पातें कितीहि धारदार असलें, तरी दांड्यावांचून तें रानांतील एकहि झाड तोडूं शकत नाहीं. आणि तो दांडा तर झाडाच्याच लांकडाचा! ही म्हण माणसांच्या व्यवहारांत जितकी खरी आहे, तितकीच ती आपल्या शरीराच्या अंतर्भागांतहि खरी ठरते, असें शास्त्रज्ञांनीं गेल्या पन्नास वर्षांत सिद्ध केलें आहे. दरवर्षीं घरोघर येणारा जो इन्फ्ल्युएंझा, त्याचा विषाणु पेशींतून बाहेर पडतांना बहुधा अपुराच असतो. रोग उत्पन्न करण्यास लागणारें हत्यार त्याच्यापाशीं स्वतःचें नसतें. तें तो आपल्याच शरीरांतून मिळवितो. तें हत्यार कोणतें, तें त्याच्या हातीं कसें पडतें, आणि हें ज्ञान आपल्या काय उपयोगाचें, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

रोगाची ओळख

इन्फ्ल्युएंझा म्हणजे साधें पडसें नव्हे. पडशानें नाक वाहतें, शिंका येतात, आणि चार दिवसांत माणूस पूर्ववत् होतो. इन्फ्ल्युएंझांत एकाएकीं जोराचा ताप भरतो, अंग मोडून येतें, डोकें ठणकतें, कोरडा खोकला लागतो, आणि रोगी अंथरुणास खिळतो. बहुतेक रोगी आठवड्याभरांत बरे होतात. परंतु वृद्ध, लहान मुलें, गरोदर स्त्रिया व हृदयाच्या किंवा फुप्फुसांच्या जुन्या विकारानें पीडलेले लोक यांच्या बाबतींत हा रोग प्राणावर बेतूं शकतो.

या रोगाचें उग्र रूप आपल्या देशानें १९१८ सालीं पाहिलें. त्या वर्षींच्या जून महिन्यांत तो मुंबई शहरांत दिसूं लागला. सप्टेंबर-ऑक्टोबरांत त्याची दुसरी व अधिक घातक लाट आली, आणि तिनें शहरें व खेडीं सारखींच व्यापून टाकिलीं. त्या साथींत हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें मृत्यु पावलीं असावींत, असा अंदाज आहे. त्या काळीं रोगाचें खरें कारण कोणासच ठाऊक नव्हतें. जर्मन शास्त्रज्ञ रिचर्ड फायफर यानें १८९२ सालीं वर्णन केलेल्या एका जंतूवर पुष्कळ डॉक्टर दोष ठेवीत. खरा अपराधी सांपडला तो १९३३ सालीं. लंडन येथील स्मिथ, अँड्र्यूज व लेडलॉ या तिघां संशोधकांनीं रोग्यांच्या घशांतील द्रव अत्यंत बारीक छिद्रांच्या गाळणींतून गाळून तें फेरेट नांवाच्या, मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या नाकांत सोडलें, आणि त्या प्राण्यांस इन्फ्ल्युएंझा झाला. साधे जंतु त्या गाळणींतून पार होत नाहींत. अर्थात् रोगाचें कारण जंतूंहूनहि सूक्ष्म असें कांहीं तरी असलें पाहिजे, हें ठरलें. तोच हा विषाणु. याच कुळांतील एका नव्या विषाणूची साथ २००९ सालीं जगभर पसरली, आणि त्या ऑगस्टांत पुण्यांतील शाळा बंद ठेवाव्या लागल्या, हें पालकांच्या स्मरणांत असेलच.

विकर म्हणजे काय ?

आतां विकर या शब्दाचा अर्थ पाहूं. इंग्रजींत ज्याला एन्झाइम म्हणतात, त्यास मराठींत विकर हें नांव आहे. जें रासायनिक कार्य एरव्हीं अतिशय मंदगतीनें झालें असतें, तें शरीरांत क्षणार्धांत घडवून आणणारें, आणि कार्य झाल्यावर स्वतः जसेंच्या तसें उरणारें द्रव्य म्हणजे विकर. बहुतेक सर्व विकरें प्रथिनांचीं बनलेलीं असतात, व प्रत्येकाचें काम ठरलेलें असतें.

याचा अनुभव घरींच घेतां येतो. ज्वारीच्या भाकरीचा घांस न गिळतां सावकाश चावीत राहा. थोड्या वेळानें तो गोड लागूं लागेल. लाळेंतील एका विकरानें भाकरींतील पिष्टाची साखर होऊं लागली, असा त्याचा अर्थ. दुसरें उदाहरण स्वयंपाकघरांतलें. मटण लौकर मऊ व्हावें म्हणून त्यांत कच्च्या पपईचा तुकडा किंवा तिचा चीक घालितात. पपईच्या चिकांत प्रथिनें तोडणारें एक विकर असतें. तें मांसाच्या तंतूंचे तुकडे करितें. प्रथिन म्हणजे अमिनो आम्ल नांवाच्या मण्यांची लांबलचक माळ होय. प्रथिनें तोडणारें विकर म्हणजे त्या माळेचा दोरा कापणारी कात्री. मात्र ही कात्री वाटेल तेथें कापीत नाहीं. कोणती कात्री कोणत्या मण्यापाशीं कापील हें ठरलेलें असतें. आपल्या स्वादुपिंडांत तयार होऊन आंतड्यांत कार्य करणारें ट्रिप्सिन नांवाचें विकर आर्जिनीन व लायसीन या दोनच मण्यांनंतर दोरा तोडतें. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढील सर्व कथा हिच्यावरच उभी आहे.

विषाणूची रचना

इन्फ्ल्युएंझाचा विषाणु मिलिमीटरच्या सुमारें दहाहजाराव्या भागाएवढा असतो. त्याच्या आंत आनुवंशिक मजकुराचे आठ तुकडे असतात, व भोंवतीं स्निग्ध पदार्थाचें पातळ आवरण असतें. त्या आवरणावर, कदंबाच्या फुलावर केसर असावेत त्याप्रमाणें, प्रथिनांचे शेंकडों कांटे उभे असतात. त्यांपैकीं बहुसंख्य कांटे हिमॅग्लुटिनिन नांवाच्या प्रथिनाचे होत. हा विषाणु तांबड्या रक्तपेशींस एकमेकींस चिकटवितो, असें १९४१ सालीं जॉर्ज हर्स्ट या अमेरिकन संशोधकास आढळलें. त्या गुणावरूनच या प्रथिनास हें नांव पडलें.

या कांट्याचीं कामें दोन. पहिलें काम चिकटण्याचें. आपल्या श्वासमार्गांतील पेशींच्या पृष्ठभागीं सायलिक आम्ल नांवाचें एक शर्कराजातीय द्रव्य असतें, त्याला कांट्याचें टोंक जाऊन बिलगतें. दुसरें काम आंत शिरण्याचें, आणि तेंच खरें कठीण. पेशी चिकटलेल्या विषाणूला एका लहानशा पिशवींत घेऊन गिळते. ती पिशवी आंत सरकतां सरकतां आंबट, म्हणजे आम्लयुक्त, होत जाते. आम्लाचा स्पर्श होतांच कांटा आपलें रूप पालटतो. त्याच्या पोटांत दडलेली एक टोंकदार पट्टी झटक्यासरशीं बाहेर पडून पिशवीच्या भिंतींत रुतते. मग कांटा दुमडतो, विषाणूचें आवरण व पिशवीची भिंत हीं एकमेकांजवळ ओढलीं जाऊन एकजीव होतात, आणि विषाणूचा मजकूर पेशींत ओतला जातो. उंदीर पकडण्याच्या सापळ्याची स्प्रिंग ताणून ठेवलेली असते व खटका हलतांच ती सुटते, तसाच हा प्रकार. या कांट्याची रचना विल्सन, स्केहेल व वायली या शास्त्रज्ञांनीं १९८१ सालीं प्रसिद्ध केली, आणि आम्लांत त्याचें रूप कसें पालटतें, हें १९९४ सालीं स्पष्ट झालें.

परंतु येथें एक अडचण आहे. पेशींत कांटा तयार होतो तो एका अखंड माळेचा. अखंड स्थितींत ती टोंकदार पट्टी माळेच्या मधोमध बांधलेली असते. तिला सुटें टोंकच नसतें. म्हणजे सापळा आहे, पण त्याची स्प्रिंग ताणलेली नाहीं. अशा विषाणूला पेशीस चिकटतां येतें, पण पेशींत शिरतां येत नाहीं. माळ एका ठराविक जागीं तोडली जाऊन तिचे दोन भाग झाले, तरच सापळा सज्ज होतो. ती माळ तोडण्याची कात्री विषाणूपाशीं नाहीं. ती त्याला आपण पुरवितों!

१९७५ सालचे प्रयोग

ही गोष्ट उघडकीस आली ती १९७५ सालीं, आणि तीहि एकाच वर्षीं दोन ठिकाणीं. जर्मनींत गीसेन येथें क्लेंक, रॉट व त्यांचे सहकारी, आणि न्यूयॉर्क येथील रॉकफेलर विद्यापीठांत लाझारोविट्झ व चॉपिन, असे दोन गट एकाच प्रश्नाच्या मागें होते. कांचेच्या बशींत वाढविलेल्या कांहीं प्रकारच्या पेशींत हा विषाणु निर्माण होई, पण त्याच्यांत नव्या पेशींस लागण करण्याचें सामर्थ्य फारच थोडें असे. तपासून पाहतां त्याच्या कांट्यांच्या माळा अखंड आढळल्या. मग त्या विषाणूवर थोडें ट्रिप्सिन घालून पाहिलें. माळा तुटल्या, आणि तोच दुबळा विषाणु एकाएकीं समर्थ झाला. विषाणु तोच, पेशी त्याच. फरक काय तो एका कापाचा!

या शोधाचा व्यावहारिक उपयोग तत्काळ झाला. अजूनहि प्रयोगशाळेंत पेशींवर इन्फ्ल्युएंझाचा विषाणु वाढवावयाचा असतां त्यांत बहुधा ट्रिप्सिन मिसळावें लागतें. उलट, लस तयार करण्यासाठीं जेव्हां हा विषाणु कोंबडीच्या गर्भधारी अंड्यांत वाढवितात, तेव्हां वेगळें विकर घालण्याची गरज पडत नाहीं. कारण अंड्यांतील द्रवांतच तशा प्रकारची कात्री उपस्थित असते.

आपल्या श्वासमार्गांतील कात्री

येथें चिकित्सक विद्यार्थ्याच्या मनांत शंका येईल. ट्रिप्सिन तर आंतड्यांत असतें. मग नाकांत, घशांत व फुप्फुसांत माळ तोडतें कोण? या शंकेचें उत्तर मिळण्यास पुष्कळ वर्षें लागलीं. १९९२ सालीं जपानी संशोधक किडो व त्यांचे सहकारी यांनीं उंदराच्या फुप्फुसांतील सूक्ष्म श्वासनलिकांतून असें एक विकर वेगळें काढिलें. पुढें २००६ सालीं जर्मनींतील मारबुर्ग येथें बॉट्चर व सहकारी यांनीं दाखवून दिलें, कीं माणसाच्या श्वासमार्गाच्या अस्तरांत अशा दोन कात्र्या आहेत. त्यांपैकीं एकीचें शास्त्रीय नांव टी-एम-पी-आर-एस-एस-२ असें आहे. नांव अवघड आहे खरें. आपण तिला सोयीसाठीं "अस्तरांतील कात्री" म्हणूं. ही पेशीच्या पटलांत रोवलेली असते, आणि ट्रिप्सिनाप्रमाणेंच आर्जिनीन या मण्यानंतर कापते. विषाणूचा कांटा पेशींत तयार होत असतांना किंवा पेशीबाहेर पडतांना त्याची माळ ती तोडून देते.

पण कांचेच्या बशींत जें दिसतें तें जिवंत प्राण्यांत खरें असेलच असें नाहीं. म्हणून २०१३ व २०१४ सालीं जर्मनी व जपान येथील संशोधकांनीं असे उंदीर घेतले, कीं ज्यांच्या शरीरांत ही अस्तरांतील कात्री जन्मापासूनच नव्हती. अशा उंदरांना एच१एन१ जातीचा विषाणु दिला असतां ते जगले. साध्या उंदरांना तोच विषाणु प्राणघातक झाला. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही, कीं कात्री नसलेले हे उंदीर एरव्हीं अगदीं निरोगी होते. मात्र एच३एन२ जातीच्या विषाणूपुढें हें संरक्षण सर्वस्वीं टिकलें नाहीं. त्यावरून त्या जातीस दुसऱ्याहि एखाद्या कात्रीचा उपयोग करितां येतो, असें अनुमान निघालें.

आतां आणखी एका प्रश्नाचा उलगडा आपोआप होतो. इन्फ्ल्युएंझा नाकाघशांत व फुप्फुसांतच कां राहतो ? यकृत, मूत्रपिंड, मेंदू यांवर तो सहसा चाल कां करीत नाहीं ? ज्या कात्र्या त्याच्या उपयोगी पडतात, त्या विशेषेंकरून श्वासमार्गाच्या अस्तरांत त्याला सांपडतात, हें याचें एक मोठें कारण आहे. जेथें कात्री नाहीं, तेथें नवा विषाणु जन्मला तरी तो पांगळाच राहतो.

कोंबड्यांची मरी

परंतु हा नियम मोडणारे विषाणूहि आहेत, आणि त्यांचा प्रताप फार भयंकर आहे. कोंबड्यांत एक मरी फार जुन्या काळापासून प्रसिद्ध होती. सकाळीं धडधाकट दिसणारा कळप दोन-तीन दिवसांत मरून पडे. ही मरी म्हणजे इन्फ्ल्युएंझाच होय, असें १९५५ सालीं वेर्नर शेफर या जर्मन शास्त्रज्ञानें दाखविलें. या रोगांत विषाणु श्वासमार्गांत थांबत नाहीं. हृदय, मेंदू, यकृत असा सर्व शरीरभर पसरतो. याचें कारण काय ?

कारण पुनः त्या कापण्याच्या जागेंतच आहे. साध्या विषाणूच्या माळेंत त्या जागीं एकच आर्जिनीन असतें. मरीच्या विषाणूंत मात्र त्या जागीं आर्जिनीन व लायसीन यांची रांगच लागलेली असते. अशी रांग ओळखून कापणारें फ्युरिन नांवाचें एक वेगळें विकर आहे, आणि तें शरीरांतील जवळ जवळ प्रत्येक पेशींत असतें. १९९२ सालीं ही गोष्ट प्रयोगानें सिद्ध झाली. साधा चोर ज्या एकाच दाराची किल्ली शोधीत हिंडतो, त्याऐवजीं या चोराला घरांतील प्रत्येक खोली उघडी सांपडते.

किती क्षुल्लक फरकानें केवढा अनर्थ होतो, हें १९८३ सालीं अमेरिकेंत पेन्सिल्व्हेनिया प्रांतांत दिसून आलें. एप्रिल महिन्यांत तेथील कोंबड्यांत एच५एन२ जातीचा विषाणु आला. रोग सौम्य होता. ऑक्टोबरांत तोच विषाणु एकाएकीं प्राणघातक झाला, आणि साथ आटोक्यांत येईपर्यंत एक कोटी सत्तर लक्षांहून अधिक पक्षी नष्ट करावे लागले. पुढें कावाओका, वेब्स्टर इत्यादि संशोधकांनीं सौम्य व उग्र विषाणूंची तुलना केली. सौम्य विषाणूंतहि ती घातक रांग होतीच. पण तिच्या शेजारीं साखरेच्या रेणूंचा एक झुबका असल्यामुळें कात्रीला तेथवर पोंचतां येत नव्हतें. उग्र विषाणूंत एका लहानशा बदलानें तो झुबका नाहींसा झाला होता. जणूं दारावरचें झांकण तेवढें गळून पडलें!

१९९७ सालीं हाँगकाँगमध्यें अशीच रांग असलेला एच५एन१ जातीचा विषाणु कोंबड्यांतून माणसांत आला. अठरा माणसांस लागण झाली व सहा दगावलीं. २००६ सालच्या फेब्रुवारींत हाच रोग आपल्या महाराष्ट्रांत नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें कोंबड्यांत आढळला. भारतांतील कोंबड्यांत तो प्रथम आढळला तो तेथेंच. लाखों कोंबड्या मारून पुराव्या लागल्या, आणि कुक्कुटपालनावर पोट भरणाऱ्या अनेक कुटुंबांवर संकट कोसळलें. लोकांनीं भीतीनें अंडीं-कोंबडी खाणें सोडलें. वस्तुतः नीट शिजविलेल्या मांसानें वा अंड्यानें हा रोग होत नाहीं. धोका असतो तो आजारी व मेलेल्या पक्ष्यांना हाताळण्यांत. मेलेला पक्षी मुलांनीं हातीं धरूं नये, आणि कोंबड्या एकाएकीं मरूं लागल्यास पशुवैद्यकीय दवाखान्यास ताबडतोब कळवावें, हा धडा नवापूरनें आपणांस दिला.

दोन शत्रूंची युति

कात्री दरवेळीं आपल्याच पेशींची असते असें नाहीं. १९८७ सालीं ताशिरो, क्लेंक, रॉट इत्यादिकांनीं उंदरांवर एक प्रयोग केला. गळवांत पू उत्पन्न करणारा जो स्टॅफिलोकॉकस नांवाचा जंतु, त्याच्या कांहीं जाती प्रथिनें तोडणारें विकर बाहेर सोडतात. हे जंतु व इन्फ्ल्युएंझाचा विषाणु हे दोन्ही एकदम दिले असतां उंदरांस प्राणघातक न्युमोनिया झाला. कारण जंतूंची कात्री विषाणूच्या कामीं आली. विषाणु पेशींचें अस्तर सोलून जंतूंस वाट करून देतो, आणि जंतु विषाणूची शस्त्रें परजून देतात, अशी ही अभद्र युति आहे. १९१८ च्या साथींतील बहुसंख्य मृत्यु मागाहून झालेल्या जंतुजन्य न्युमोनियामुळें घडले असावेत, असें त्या काळीं जपून ठेविलेल्या फुप्फुसांच्या नमुन्यांच्या तपासणीवरून पुढें दिसून आलें.

रक्षण करणारीं विकरें

हें सर्व वाचून आपलीं विकरें फितूरच आहेत असा ग्रह कोणीं करून घेऊं नये. शरीरांत जसे दांडे आहेत, तसे पहारेकरीहि आहेत. १९५७ सालीं लंडन येथें आयझॅक्स व लिंडेनमान यांनीं इन्फ्ल्युएंझाच्या विषाणूवरच प्रयोग करीत असतां इंटरफेरॉन या द्रव्याचा शोध लाविला. विषाणूची चाहूल लागतांच पेशी हें द्रव्य सोडून शेजारच्या पेशींस सावध करिते. सावध झालेल्या पेशींत कांहीं विशेष विकरें तयार होतात. त्यांपैकीं एक पेशींतील प्रथिनांचा कारखाना बंद पाडतें, म्हणजे विषाणूलाहि आपले कांटे बनवितां येत नाहींत. दुसरें विषाणूच्या मजकुराचे कागद फाडावेत तसे तुकडे करितें. एमएक्स नांवाचें तिसरें एक प्रथिन विषाणूचा मजकूर अडवून धरितें. लिंडेनमान यांनींच १९६२ सालीं उंदरांची एक जात इन्फ्ल्युएंझास दाद देत नाहीं असें दाखविलें. तिच्या या सामर्थ्याचें मूळ याच प्रथिनांत आहे, असें पुढें कळून आलें. विषाणूहि स्वस्थ बसत नाहीं. या पहारेकऱ्यांचे डोळे बांधणारें एक प्रथिन तो स्वतः बनवितो. रोग्याच्या अंगांत ताप भरतो, तेव्हां आंत असें तुंबळ युद्ध चाललेलें असतें.

औषधाचा विचार

कात्री सांपडली म्हणजे ती बोथट करण्याचा विचार सुचणें साहजिक आहे. १९८४ सालीं रशियन शास्त्रज्ञ झिर्नोव्ह व सहकारी यांनीं अशा विकरांस अडविणारें ॲप्रोटिनिन नांवाचें द्रव्य रोगी उंदरांस देऊन विषाणूची वाढ कमी केली. या मार्गाचा एक मोठा फायदा असा : विषाणु आपलें रूप वारंवार बदलतो, म्हणून त्याच्यावर थेट मारा करणारीं औषधें कालांतरानें निकामी होऊं शकतात; आपलें विकर मात्र तसें बदलत नाहीं.

तथापि या मार्गांत कांटेहि आहेत. फ्युरिन बंद करणें धोक्याचें. कारण तें शरीराच्या अनेक आवश्यक कामांत गुंतलेलें आहे, आणि तें मुळींच नसलेले उंदीर गर्भावस्थेंतच मरतात. अस्तरांतील कात्री बंद केल्यानें तितका अपाय दिसत नाहीं, म्हणून संशोधकांचें लक्ष तिकडे अधिक आहे. २०२० सालीं कोविडच्या विषाणूलाहि हीच कात्री उपयोगी पडते असें आढळलें, तेव्हां ती अडविणारें कॅमोस्टॅट हें जपानी औषध इस्पितळांतील रोग्यांस देऊन पाहण्यांत आलें. पण २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्क-स्वीडनमधील चाचणींत त्याचा लाभ दिसला नाहीं. तर्क कितीहि सुंदर असो, रोग्याच्या अंथरुणापाशीं त्याची परीक्षा झाल्यावांचून त्याला औषध म्हणतां येत नाहीं, हा विज्ञानाचा कठोर पण हिताचा दंडक होय.

पालकांस व मुलांस चार शब्द

वरील विवेचनांतून घरीं उपयोगी पडतील अशा कांहीं गोष्टी निघतात. पहिली : इन्फ्ल्युएंझा हा विषाणूचा रोग असल्यामुळें जंतुनाशक प्रतिजैविकांच्या गोळ्या त्यावर चालत नाहींत; दुकानांतून त्या आपल्या मनानें आणून मुलांस देऊं नयेत. दुसरी, व सर्वांत महत्त्वाची : ताप उतरून मूल खेळूं लागलें, आणि दोन-चार दिवसांनीं पुनः जोराचा ताप, छातींत दुखणें किंवा दाट कफ सुरू झाला, तर ती जंतु व विषाणु यांच्या युतीची खूण असूं शकते. अशा वेळीं, तसेंच श्वास जोरजोरानें चालणें, ओंठ निळसर होणें, मूल गुंगींत राहणें, यांपैकीं कांहींहि दिसल्यास एक क्षणहि न दवडतां डॉक्टरांकडे जावें. अशा प्रसंगीं "होईल बरें दोन दिवसांत" असें म्हणून घालविलेला दिवस परत मिळत नाहीं. तिसरी : इन्फ्ल्युएंझाच्या तापांत मुलांस ॲस्पिरिन देऊं नये, त्यामुळें यकृत व मेंदू यांस गंभीर इजा होण्याचा संभव असतो. चौथी : या रोगाची लस मिळते. विषाणूचें रूप बदलत असल्यामुळें ती दरवर्षीं घ्यावी लागते. घरांत वृद्ध, दमेकरी किंवा गरोदर स्त्री असल्यास तिच्याविषयीं डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा. पांचवी : खोकतांना तोंडावर रुमाल किंवा बाही धरणें, हात साबणानें धुणें, आणि ताप असतां शाळेंत न येणें. हजेरीच्या बक्षिसाच्या लोभानें तापांत शाळेंत येणारा विद्यार्थी आपल्या शेजाऱ्याच्या घरांतील आजीचा जीव धोक्यांत घालीत असतो, हें त्यानें विसरूं नये.

सारांश

इन्फ्ल्युएंझाच्या विषाणूचा कांटा अखंड माळेच्या रूपानें जन्मतो. ती माळ आपल्या शरीरांतील विकरानें तुटली, तरच विषाणूस पेशींत शिरतां येतें. कोणतें विकर ती तोडूं शकतें, व तें शरीरांत कोठें असतें, यावर रोग घशांत राहील कीं सर्वांगांत पसरेल, हें पुष्कळ अंशीं अवलंबून आहे. रोग म्हणजे केवळ बाहेरच्या शत्रूची स्वारी नव्हे. शत्रु व आपलें शरीर यांच्या परस्परसंबंधाचा तो परिणाम आहे. म्हणून वैद्यकशास्त्राला जितका अभ्यास शत्रूचा करावा लागतो, तितकाच आपल्या घराचाहि करावा लागतो.

विचारासाठीं प्रश्न

१. अखंड कांटा असलेला विषाणु पेशीस चिकटूं शकतो, पण तिच्यांत शिरूं शकत नाहीं. असें कां ?
२. साधा इन्फ्ल्युएंझा श्वासमार्गांतच राहतो, पण कोंबड्यांची मरी सर्व शरीरांत पसरते. या भेदाचें कारण विकरांच्या साहाय्यानें स्पष्ट करा.
३. १९८३ सालच्या पेन्सिल्व्हेनियांतील साथींत सौम्य विषाणु उग्र कशानें झाला ?
४. फ्युरिन बंद करण्यापेक्षां अस्तरांतील कात्री बंद करणें अधिक सुरक्षित कां वाटतें ? त्यास आधार कोणत्या प्रयोगांचा ?
५. आपल्या घरीं इन्फ्ल्युएंझाचा रोगी असतां कोणत्या खुणांवर लक्ष ठेवाल, याची यादी करून ती वडीलधाऱ्यांस वाचून दाखवा.